राबणाऱ्या पाठीवर कुणाचा हात?

कांद्याची लागण सुरू झाली की जुन्नर-आंबेगावच्या आपल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी घराघरातून तीच वाक्ये कानावर येतात. “कंबर धरली.” “पाठीत उसण भरली.” “मान वळंना.” दिवसभर वाफ्यात ओणवी राहून रोपे लावलेली बाई घरी आल्यावर आधी चुलीपुढे बसते, मग भांड्यांपुढे. झोपताना दुकानातून आणलेली एक गोळी घेते, हात पोचेल तिथवर बाम लावते आणि सकाळी पुन्हा वाफ्यात उतरते. लागण संपली की खुरपणी, खुरपणी संपली की काढणी. नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोची तोडणी आणि कॅरेट उचलणे, पश्चिमेला डोंगराकडे पावसात भातलावणी. पीक बदलते, वाकणे बदलत नाही.

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्ही बायकांना एक प्रश्न विचारतो, “ताई, तुमची पाठ शेवटची कुणी चोळून दिली होती?” बहुतेकजणी आधी हसतात. मग उत्तर येते, “बाळंतपणात.” ज्या बाळंतपणाबद्दल त्या बोलत असतात, ते पोर आता दहावीला बसलेले असते.

अंग चोळण्याची, पाय चेपण्याची रीत आपल्या घरात नवी नाही. बाळाला तेल लावून चोळतात. बाळंतिणीला सव्वा महिना शेक आणि मालिश मिळते. सासूचे पाय सून चेपते. कामावरून आलेल्या कारभाऱ्याचे पाय बायको चेपते. पोरगा पोलीस भरतीसाठी पळून आला की आई त्याच्या पोटऱ्या चोळून देते. ही यादी नीट पाहा. राबणारी बाई यात जागोजागी आहे, पण हात देणारी म्हणून. सव्वा महिना संपला की तिच्या स्वतःच्या पाठीवर कुणाचा हात येत नाही. काही घरांत येतो तो मारायलाच.

आमचे म्हणणे एवढेच आहे की चोळून घेणे, चेपून घेणे हा चोचला नाही, ती राबणाऱ्या शरीराची गरज आहे. ती गरज घरात सगळ्यांची सारखी मानली पाहिजे आणि हात देण्याची पाळीही सगळ्यांची असली पाहिजे. मात्र मालिश म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. तिने काय होते, काय होत नाही आणि कुठे ती घातक ठरते, हे माहीत असल्याशिवाय हात लावू नये. म्हणून आधी तेच पाहू.

मालिशने नेमके काय होते?

“मालिश केली की अंगात साचलेलं विष निघून जातं,” असे आपण ऐकतो. हे खरे नाही. २०१२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मालिश केली. दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या पायात सूज वाढवणाऱ्या खुणा कमी दिसल्या. पण दमल्यावर स्नायूत तयार होणारे लॅक्टिक आम्ल दोन्ही पायांत सारखेच होते. म्हणजे काही बाहेर निघून गेले नाही, स्नायूची सूज शमायला थोडी मदत झाली. अकराच माणसांचा अभ्यास आहे, तेवढ्यावर मोठा दावा करू नये. पण दिशा कळते.

कंबरदुखीचे काय? २०१५ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी मालिशवरच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा की मालिशने कंबरदुखी थोड्या काळासाठी कमी होते. पुढे सहा महिन्यांनी पाहिले तर तो फायदा टिकलेला दिसत नाही, आणि पुरावाही फार भक्कम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात माहिती देणे, व्यायाम आणि मनाला आधार यांच्यासोबत मालिशलाही जागा दिली आहे. त्याच संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. तेव्हा बाई कंबर धरून बसली की “हिची रोजचीच नाटकं” म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मनावरचा परिणाम तर याहून स्पष्ट दिसतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मालिशवरचे ३७ अभ्यास एकत्र पाहिले गेले. एकदा मालिश केली तरी त्या वेळची धास्ती कमी होते, रक्तदाब आणि नाडीचे ठोके थोडे उतरतात. अनेक वेळा सलग मालिश मिळालेल्या लोकांमध्ये कायमची चिंता आणि उदासी कमी झालेली दिसली. याचे एक कारण आपल्या कातडीतच आहे. कातडीखाली काही मज्जातंतू असे असतात, की त्यांना सावकाश फिरणारा, उबदार, हलका स्पर्श बरोबर कळतो. एका सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीने हात फिरला की ते सगळ्यात जास्त जागे होतात आणि मेंदूला “आता धोका नाही” असा निरोप देतात. आई बाळाला थोपटते तेव्हा तिचा हात आपोआप याच गतीने फिरतो.

कर्जाचा हप्ता, नवऱ्याची दारू, पोरीच्या लग्नाची काळजी हे मालिशने सुटत नाही. पण रात्रभर डोळा लागत नाही अशा बाईला दहा मिनिटांच्या हाताने जर झोप लागत असेल, तर ती झोप गोळीपेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे.

रोलर घ्यावा का?

आपल्या वस्तीतली पोरे-पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. मोबाईलवर पाहून आता ती ‘फोम रोलर’ मागू लागली आहेत. रोलर म्हणजे कडक स्पंजची लोडासारखी गोल गुंडाळी. ती जमिनीवर ठेवायची, तिच्यावर मांडी किंवा पोटरी ठेवून अंगाच्या वजनाने पुढे-मागे घासायची. आपली आपणच केलेली मालिश.

याचा उपयोग आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. २०१९ साली २१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. धावण्याआधी रोलर फिरवला तर सांधे थोडे मोकळे होतात, व्यायामानंतर फिरवला तर अंगदुखी थोडी कमी जाणवते. ताकद मात्र त्याने वाढत नाही. “स्नायूंवरचे चिकटलेले पडदे सुटतात” असेही सांगतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पडदा इतका चिवट असतो की माणसाच्या वजनाने तो ताणला जाणे कठीण. फरक पडतो तो मुख्यतः मज्जातंतूंमुळे. दाब ओळखीचा झाला की दुखणे सहन व्हायला लागते आणि स्नायू सैल होतो. हा मोकळेपणा थोडाच वेळ टिकतो.

म्हणून आमचा सल्ला असा की उसने पैसे काढून रोलर घेऊ नका. घरातले लाटणे पोटरीवर आणि मांडीवर हलके फिरवले तरी तेच काम होते. पाणी भरून घट्ट बूच लावलेली प्लास्टिकची बाटली किंवा जुन्या पंचाने गुंडाळलेला पाइपचा तुकडाही चालतो. पाठीसाठी जुन्या मोज्यात टेनिसचा चेंडू घाला, भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि खांद्याच्या पात्याशेजारी चेंडू सावकाश फिरवा. जिला घरात हात द्यायला कुणी नाही, तिच्यासाठी हा चेंडू फार कामाचा आहे. एका जागी अर्धे ते एक मिनिट पुरे. दहापैकी पाचपेक्षा जास्त दुखेल इतका दाब नको. मणक्यावर, गुडघ्याच्या मागे, हाडावर आणि पोटावर काहीही फिरवू नये.

दुसऱ्याची पाठ चोळायची तर घरात असेल ते तेल थोडे हाताला लावा, खोबरेल असो की शेंगदाण्याचे. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळव्याने कंबरेकडून खांद्याकडे सावकाश जा. मणका दाबू नका. पोटरी घोट्याकडून गुडघ्याकडे चोळा. मधून मधून विचारा, “लागतंय का?” दहा मिनिटे पुरे होतात. जोर लावला म्हणजे गुण जास्त येतो, असे नाही.

पायाळू, बिब्बा आणि मान मोडणे

उसण भरली की अजूनही काही ठिकाणी पायाळू माणसाला शोधतात. जन्मताना जो पायाकडून आला, त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते, अशी समजूत आहे. उसण म्हणजे पाठीचा ताणलेला स्नायू. तो बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप बरा होतो. त्याच दिवसांत कुणी लाथ मारली की श्रेय लाथेला जाते. आईच्या पोटात बाळ कसे फिरले होते, याचा आपल्या पाठीशी काय संबंध? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांनी एवढा प्रश्न विचारायलाच हवा.

बिब्बा घालणे आणि डाग देणे तर सरळ इजा आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. साखर असलेल्या माणसाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. लहान पोराच्या पोटावर डाग देणे हा तर अत्याचार आहे.

“बेंबी सरकली” म्हणून पोट चोळणेही थांबवा. पोटात अपेंडिक्सला सूज असेल, तर चोळण्यात वेळ जातो आणि ते फुटू शकते. गरोदर बाईचे पोट कुणी चोळू नये, बाळ “सरळ करायला” सुद्धा नाही. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर डोके दाबून घेणे ठीक, पण मान कडकन मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊन लकवा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

बाळाची मालिश करावी, पण हलक्या हाताने. नाकात, कानात तेल घालू नये. बाळाची छाती पिळू नये, टाळू दाबू नये.

इथे हात लावू नका, दवाखाना गाठा

ही यादी कापून भिंतीला लावावी अशी आमची विनंती आहे.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते: आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाळंतिणीने आणि ऑपरेशन झालेल्यांनी जास्त जपावे.

छातीत दाब, सोबत घाम, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखते: “गॅस झाला” म्हणून चोळत बसू नका. १०८ ला फोन करा.

कंबर दुखते आणि लघवी अडली किंवा कळत नाही, मांड्यांच्या आत बधिरपणा आला, पायातले बळ गेले: त्याच दिवशी रुग्णालयात जा. उशीर झाला तर पाय कायमचा अधू होऊ शकतो.

पाठ रात्री जास्त दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते: मणक्याचा क्षयरोग असू शकतो. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

साखर असून पायाला बधिरपणा: गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, लाटणे यांपैकी काहीही नको. भाजलेले कळतच नाही.

म्हातारपणी पडल्यावर दुखणे, हाड मोडल्याची शंका: हाडवैद्याकडे ओढून घेण्याआधी फोटो काढा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर लाल चट्टा: आम्ही नर्सिंग शिकलो तेव्हा पाठीची निगा हा स्वतंत्र धडा होता. आज हे पक्के कळले आहे की लाल झालेल्या जागेवर चोळू नये, खालची कातडी आणखी फाटते. दर दोन तासांनी कूस बदलावी.

मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावला ग्रामीण रुग्णालये आहेत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चिठ्ठी घेतली तरी चालेल. पण रोज एक दुखण्याची गोळी दुकानातून घेणे सोडा. वर्षानुवर्षे घेतलेल्या या गोळ्या पोटात जखमा करतात आणि मूत्रपिंड खराब करतात.

“बायकोचे पाय चेपायचे?”

आता खरा अडलेला प्रश्न. सभेत आम्ही हा विषय काढला की मागच्या रांगेतून हमखास कुणीतरी विचारते, “मग काय आता बायकोचे पाय चेपायचे?” आमचे उत्तर आहे, हो.

स्पर्शाची किंमत आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्याच दलित समाजातल्या कितीतरी सुइणींच्या हातांनी गावोगावची बाळंतपणे झाली. बाळ झेलायला, बाळंतीण चोळायला तो हात चालला, पाणवठ्याला मात्र चालला नाही. हात कामाचा आणि माणूस दूर ठेवायचा, ही जातीची रीत होती. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. आता घराच्या आत पाहिले तर बाईचा हात सगळ्यांना चालतो आणि तिला हात द्यायची वेळ आली की पुरुषपण आडवे येते. दोन्ही गोष्टी एक नाहीत. पण दोन्हींच्या मुळाशी सेवा कुणी करायची आणि घ्यायची कुणी, हे जन्मावर ठरवणे आहे.

भगवान बुद्धांकडे पाहा. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातले, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी संघाला सांगितले की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा. हा प्रसंग विनयात आहे. नर्सिंगचा याहून मोठा धडा आम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळाला नाही.

आणखी एक प्रसंग संयुत्त निकायात आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात म्हातारपणी बुद्ध संध्याकाळच्या उन्हात पाठ शेकत बसले होते. आनंद त्यांचे हातपाय चोळत होते. चोळता चोळता आनंद म्हणाले की भगवंतांची कातडी आता सैल पडली आहे, पाठ पुढे वाकली आहे. बुद्धांनी ते नाकारले नाही, म्हातारपण असेच असते, असे सांगितले. आणि कपिलवस्तूत शाक्यांच्या नव्या सभागृहात उपदेश चालू असताना त्यांनी आनंदांना पुढचे बोलायला सांगितले, कारण त्यांची पाठ दुखत होती आणि त्यांना जरा आडवे व्हायचे होते. भर सभेत “माझी पाठ दुखते” असे सांगण्यात बुद्धांना कमीपणा वाटला नाही. आपल्या घरातली बाई मात्र तेवढे सांगताना दहा वेळा विचार करते.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या घरी नानकचंद रत्तू यांनी बाबासाहेबांचे पाय चेपले, डोक्याला तेल लावले. साखरेच्या आजाराने आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांना कित्येक वर्षे छळले होते, तरी त्यांचे लिहिणे चालूच होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या देहालाही कुणाचा तरी हात लागला. मग खुरपणी करून आलेल्या बाईला का लागू नये?

सिगालोवाद सुत्तात नवऱ्याने बायकोचा मान राखावा, तिला कमी लेखू नये, असे सांगितले आहे. दुखणारी पाठ चोळून देणे हा मान राखण्याचाच भाग आहे. एक अट मात्र पक्की ठेवा. तिने हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि ती पुरे म्हणाली की थांबायचे. दारू पिऊन चेपायला बसू नये. मालिशच्या नावाखाली दुसरे काही नको. घरातल्या मुलींच्या अंगाला हात लावण्याचे निमित्त तर ती कुणालाही होऊ देऊ नका, नात्यातल्या माणसालाही नाही. ज्या बाईला नवऱ्याचा हात नकोसा आहे, तिने जावेला, मैत्रिणीला, मुलीला सांगावे. लाजू नये.

कुणी म्हणेल, “आधीच दमलेली सून, तिच्यावर आणखी एक काम का टाकता?” म्हणूनच पाळी म्हणतो. सासूने सुनेची पाठ चोळावी, मुलाने आईची, नवऱ्याने बायकोची. आईने पोराच्या पोटऱ्या चोळल्या, तर पुढची दहा मिनिटे त्या पोराने आईला द्यावीत. भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्याच्या हातात तेवढा जोर नक्की असतो.

हात घरचा, पण हक्क कामावरचा

एवढे करूनही पाठ दुखायची थांबणार नाही, कारण दुखण्याचे कारण वावरात आहे. रात्री चोळायचे आणि सकाळी पुन्हा तेच आठ-नऊ तास ओणवे राहायचे, तर मालिश म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होईल. म्हणून मालिशच्या गोष्टीला कामाची गोष्ट जोडली पाहिजे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली की धडधाकट पुरुषानेही एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये आणि बाईसाठी ही मर्यादा बरीच खाली असावी. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला तो हमालांच्या लढ्यातून. रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईपर्यंत तसे संरक्षण पोचलेले नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच प्रयत्नातून पुढे आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. विश्रांती ही मालकाची मेहरबानी नाही, ती कामगाराचा हक्क आहे, हे आपल्याला त्यांनी शिकवले. तो हक्क बांधाच्या आत न्यायचे काम आपले आहे.

टोळीने एकत्र मागितले तर या गोष्टी आजही मिळू शकतात. दर तासाला पाच मिनिटे उभे राहणे. त्या वेळी कंबरेवर दोन्ही हात ठेवून पाच वेळा मागे वाकणे, म्हणजे पुढे वाकलेल्या पाठीला उलटा ताण मिळतो. भरलेले कॅरेट एकटीने न उचलता दोघींनी धरणे. वजन अंगाजवळ घेऊन, गुडघे वाकवून उचलणे. लांब दांड्याचे खुरपे जिथे चालते तिथे तेच मागणे. सावली आणि प्यायचे पाणी. एकटी बाई बोलली तर मुकादम दुसऱ्या दिवशी बोलवत नाही. अख्खी टोळी बोलली तर त्याला ऐकावे लागते.

विहारापासून सुरुवात

आपल्या जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख सांगतात की बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींनी इथे धम्मासाठी दान दिले होते. या भागात धम्म राबणाऱ्या हातांच्या आधाराने उभा राहिला. तेव्हा राबणाऱ्या शरीराची काळजी विहारातूनच सुरू व्हावी, हे शोभेल.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते. हेच लावणी-खुरपणीचे दिवस. बायका दिवसभर वाकून येतात आणि पुन्हा तासभर सतरंजीवर बसतात. आमची पहिली मागणी साधी आहे. विहारात भिंतीला लागून दहा खुर्च्या ठेवा आणि ज्यांची कंबर दुखते त्यांना तिथे बसू द्या. टेकून बसलेल्या बाईला कुणी टोकू नये.

दुसरी मागणी महिला मंडळांना. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे जोड्या करा. एकीने दुसरीचे खांदे आणि पाठ कपड्यांवरूनच दाबून द्यायची, मग अदलाबदल. त्याच वेळी दवाखान्यात जाण्याची लक्षणे वाचून दाखवा. कुणाला त्यातले काही असेल तर सोमवारी तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, तेही तिथेच ठरवा. एकटी बाई रोज बुडतो म्हणून जात नाही, सोबत असली की जाते.

तिसरी मागणी पुरुष बांधवांना. आठवड्यातून किमान एक रात्र, भाकरी झाल्यावर तिला बसवा. भांडी तुम्ही घासा. मग विचारा, “कुठं दुखतंय?” तिने सांगितलेल्या जागी दहा मिनिटे सावकाश हात फिरवा. पहिल्या दिवशी ती संकोचेल, कदाचित नको म्हणेल. तसे म्हणाली तर भांडी मात्र घासूनच टाका.

नमो बुद्धाय. जयभीम.